सोंग बोलत नाही, खून मात्र कळतो

खुनाच्या मालिकांमध्ये माणसं फार बोलतात. शेजारीण बोलते, वॉचमन बोलतो, नोकर चाचरत बोलतो, आणि शेवटी सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात बसवून गुप्तहेर एकटाच पंधरा मिनिटं बोलतो. आवाज बंद करून बघायला बसलात, तर यातल्या बहुतेक मालिकांत खुनी कोण हे सोडाच, मेलं कोण हेसुद्धा कळायचं नाही.

२८ सप्टेंबर २०२१ ला ‘ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग’ या अमेरिकी मालिकेनं उलटा डाव टाकला. पहिल्या सत्राचा सातवा भाग, नाव ‘द बॉय फ्रॉम सिक्स बी’. गोष्ट थिओ डिमास या कर्णबधिर तरुणाच्या बाजूनं सांगितलेली. त्याला ऐकू येत नाही, म्हणून तुम्हालाही येणार नाही. ओठ हलतात, दारं आपटतात, भांडणं होतात, आणि कानावर पडतो तो फक्त बोथट घुमारा. तोंडानं उच्चारलेला संवाद जवळपास नाहीच.

या भागाचं तिकडे मोठं कौतुक झालं. मोखाड्याजवळच्या पोशेरा गावातल्या एखाद्या आजोबांना तो दाखवला असता, तर त्यांना एवढं अप्रूप वाटलं असतं का, याची शंका आहे. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हारच्या पट्ट्यात कपट, युद्ध आणि वध न बोलता दाखवण्याचा कार्यक्रम रात्र रात्र चालतो आणि अख्खं गाव तो उभ्यानं बघतं. त्याला बोहाडा म्हणतात. तिकडे जायचंच आहे. पण आधी न्यूयॉर्कचा पंचनामा उरकू.

कानाच्या धंद्यात डोळ्याचा माणूस

भाग बघायचा राहिला असेल, तर पुढचे दोन परिच्छेद डोळे झाकून ओलांडा. कान झाकून काही उपयोग नाही.

आर्कोनिया नावाच्या जुन्या श्रीमंत इमारतीत तीन शेजारी राहतात: चार्ल्स (स्टीव्ह मार्टिन), ऑलिव्हर (मार्टिन शॉर्ट) आणि मेबल (सेलेना गोमेझ). इमारतीत टिम कोनो नावाचा रहिवासी मरतो आणि हे तिघं त्याच्या मृत्यूवर पॉडकास्ट काढतात. म्हणजे सगळा कारभार कानाचा: माइक, रेकॉर्डिंग, दारामागून ऐकणं. आणि यांना सगळ्यांत जास्त माहिती देऊ शकेल असा माणूस त्याच इमारतीत राहतो, पण तो त्यांचा पॉडकास्ट ऐकूच शकत नाही. लेखकांनी हा पेच सहा भाग खिशात जपून ठेवला आणि सातव्यात बाहेर काढला. याला म्हणतात बेरकीपणा.

थिओचे वडील टेडी (नेथन लेन) मेलेल्यांच्या अंगावरचे दागिने काढून विकण्याचा धंदा करतात आणि मुलगा त्यात भागीदार असतो. नववर्षाच्या रात्री गच्चीवर पाचूच्या अंगठीवरून झटापट होते आणि झोई नावाची मुलगी खाली पडते. टिम कोनो हे खिडकीतून बघतो. टेडी त्याला धमकावतो. मग ज्याला बोलता येतं तो टिमही गप्प बसतो आणि झोईचा निरपराध मित्र तुरुंगात जातो. ऐकू न येणारा एक आणि बोलायची छाती नसलेला दुसरा, अशी ही गंमत आहे. खरा मुका कोण ते प्रेक्षकानं ठरवायचं.

आर्कोनिया म्हणून बाहेरून जी इमारत दिसते, तिचं खरं नाव बेलनॉर्ड. मॅनहॅटनच्या अप्पर वेस्ट साइडला ती शंभराहून अधिक वर्षं उभी आहे.

आवाज नाही, बक्षीस आवाजाचं

२०२२ च्या एमी पुरस्कारांत अर्ध्या तासाच्या मालिकांसाठी ध्वनिमिश्रणाचं बक्षीस होतं. ते याच भागाला मिळालं. शांतता नीट ऐकू यावी यासाठी किती राबावं लागतं, हे परीक्षकांना कळलं म्हणायचं. दिग्दर्शिका शेरिअन दाबिस यांना याच भागासाठी नामांकन होतं आणि नेथन लेन यांना त्या वर्षी पाहुण्या कलाकाराचा एमी मिळाला.

थिओचं काम करणारे जेम्स कॅव्हर्ली स्वतः कर्णबधिर आहेत. ते वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात शिकले. १८६४ साली अब्राहम लिंकन यांच्या सहीनं तिथे पदव्या द्यायला परवानगी मिळाली, आणि अमेरिकी फुटबॉलमध्ये खेळाडू डोकी जुळवून जो घोळका करतात, तो याच विद्यापीठाच्या संघानं १८९० च्या दशकात काढला असं सांगतात. कारण साधं होतं. समोरचा संघही खुणांची भाषा जाणणारा असेल, तर डावपेच झाकायचे कसे? गोल करून. कुजबुज लपवायला भिंत लागते, हातवारे लपवायला पाठी.

आता बोहाडा

होळी झाली की मोखाडा, जव्हार, विक्रमगड आणि घाटापलीकडच्या पेठ-सुरगाण्यापर्यंत गावोगाव बोहाड्याचा मोसम सुरू होतो. कुणी भोवाडा म्हणतं, कुणी भवाडा. मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा सगळ्यांत नावाजलेला. रात्री टेंभे पेटतात, संबळ घुमू लागतो, पिपाणी सूर धरते आणि गल्लीच्या टोकाकडून मुखवटा लावलेलं एक सोंग नाचत नाचत पुढे येतं. ते गेलं की दुसरं. मग तिसरं. बावन्न सोंगांचा बोहाडा असं म्हणायची पद्धत आहे. मोजायला बसणारा मात्र बावन्नाच्या आधीच पेंगतो.

गणपती येतो, शारदा येते, खंडेराव, नरसिंह, रावण, भीम, वेताळ असे सगळे हजेरी लावतात. बहुतेक सोंगं एक शब्द बोलत नाहीत. बोलतील तरी कशी? तोंडावर लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा जाड मुखवटा, बघायला दोन भोकं आणि भोवती संबळाचा दणका. त्यामुळे राग खांद्यात येतो, डौल मानेत येतो आणि कपट पावलात. संबळवाला सोंग बघून चाल बदलतो. गणपतीची पावलं वेगळी, राक्षसाची वेगळी. लहान मुलंसुद्धा मुखवटा दिसायच्या आधी नुसत्या चालीवरून कोण येतंय ते ओळखतात.

जव्हारजवळचं रामखिंड हे गाव हे मुखवटे घडवण्यासाठी ओळखलं जातं. मुखवट्याचा चेहरा एकदा ठरला की ठरला. तो हसत नाही, भुवई उडवत नाही. मग नाचणारा मान तिरकी करतो आणि टेंभ्याचा उजेड खालून पडला की त्याच चेहऱ्यावर वेगळा भाव उमटतो. दिवसा हेच मुखवटे बघा, निम्मी गंमत जाते. बोहाड्याची प्रकाशयोजना रॉकेल आणि वाऱ्याच्या हातात असते, आणि ती आजवर कुठल्या नाट्यगृहाला साधलेली नाही असं माझं मत.

रंग हीसुद्धा एक बाराखडी आहे. कुठला देव, कुठला दैत्य, कोण सज्जन आणि कोण आतल्या गाठीचा, हे मुखवट्याचा रंग, डोळ्यांचे बटाटे, बाहेर आलेले सुळे आणि डोक्यामागची प्रभावळ सांगून टाकते. ऐकू न येणारा माणूस गर्दीत उभा असेल, तर त्याचं यात काय बुडतं? फार तर पिपाणी. संबळ तर छातीवरच वाजतो.

आणि शेवटच्या रात्री जगदंबा निघते. समोर महिषासुर. दोघं एकमेकांभोवती घिरट्या घालतात, माघार घेतात, पुन्हा येतात. उजाडता उजाडता वध होतो. खून कुणी केला, का केला, कशानं केला, सगळं डोळ्यांसमोर. साक्षीदार: अख्खं गाव.

राक्षस व्हायचा मान

इथे एक मुद्दा मला फार आवडतो. बोहाड्यात महिषासुर किंवा रावण होणं कमीपणाचं नाही. बरीच सोंगं ठराविक घराण्यांकडे चालत आलेली असतात आणि राक्षसाचं सोंग असणारं घरही ते तितक्याच डौलात मिरवतं. राक्षसाला नाच जास्त, उड्या जास्त, पोरांच्या किंकाळ्याही जास्त.

सिनेमात कर्णबधिर पात्राच्या वाट्याला हा मान क्वचितच आला. ‘कोशिश’ (१९७२) मधलं संजीव कुमार आणि जया भादुरी यांचं जोडपं सोशिक आणि सरळ. गुलजार यांनी ते कमालीच्या संयमानं लिहिलं, पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना आणि अभिनयाचा संजीव कुमार यांना मिळाला. तरी दोघं पडले सज्जनच. पुढेही ऐकू न येणारा म्हटलं की तो मनानं निर्मळ, डोळ्यांत पाणी आणि पार्श्वभूमीला व्हायोलिन. ‘बर्फी’ (२०१२) थोडा खोडकर होता, तेवढीच सुटका.

थिओ डिमास मात्र चोर आहे, प्रेमात पडलेला आहे, भित्रा आहे, आणि एका मृत्यूला अपघातानं कारण झालेला आहे. त्याच्या शांततेची कीव करायला कुणाला सवड मिळत नाही, कारण तो पुढे काय करेल याची धास्ती असते. त्या भागाचा खरा पराक्रम आवाज बंद करण्यात नाही. कर्णबधिर माणसाला सुळेवाला मुखवटा दिला, तो पराक्रम.

प्रेत खाडीत की गाडीत?

ओठ वाचणारी माणसं सगळं कळून घेतात, ही सिनेमावाल्यांनी पसरवलेली अफवा. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा: पाळ, बाळ, भाळ, माळ. ओठ चारही वेळा तसेच मिटतात, तसेच उघडतात. आता चोरीला बाळ गेलं की माळ, शोधा.

दुसरी परीक्षा आणखी वाईट. काडी, खाडी, गाडी. क, ख, ग, घ हे घशाजवळ तयार होतात, ओठांवर त्यांचा पत्ताच नसतो. ‘प्रेत खाडीत आहे’ आणि ‘प्रेत गाडीत आहे’ या दोन वाक्यांत ओठ वाचणाऱ्याला काही फरक दिसत नाही. पोलीस चुकीच्या जागी गळ टाकून बसतील. इंग्रजीतले जेमतेम तीस-चाळीस टक्के ध्वनी ओठांवर ओळखू येतात असं म्हणतात. उरलेलं काम अंदाज, संदर्भ आणि समोरच्याची ओळख यांवर चालतं. म्हणजे ओठ वाचणारा माणूस रोज, चहा प्यायला बसला तरी, गुप्तहेरगिरीच करत असतो.

त्याचे शत्रू: भरघोस मिशा, चघळलेलं पान, मागून येणारा उजेड, आणि बोलता बोलता मान वळवणारे लोक. २०२० मध्ये या यादीत मास्कची भर पडली आणि लाखो माणसांचं बोलणं एका दिवसात झाकलं गेलं. मग काही ठिकाणी तोंडापुरती पारदर्शक खिडकी असलेले मास्क निघाले.

गप्प बसलेले इतर भाग

न बोलण्याची पैज टीव्हीवर याआधीही लागली आहे. १९६१ साली ‘द ट्वायलाइट झोन’च्या ‘द इन्व्हेडर्स’ या भागात एकटी बाई झोपडीत शिरलेल्या इवल्या परग्रहवासीयांशी झुंजते; अभिनेत्री ॲग्नेस मूरहेड यांना एकही संवाद नाही. १९९९ मध्ये ‘बफी’ मालिकेच्या ‘हश’ या भागात राक्षस गावाचे आवाजच चोरून नेतात. संवादांसाठी गाजलेल्या मालिकेनं संवाद काढून टाकले, आणि लेखनासाठी एमीचं नामांकन मिळालं ते याच भागाला.

ब्रिटनच्या ‘इनसाइड नंबर नाइन’चा ‘अ क्वाएट नाइट इन’ (२०१४) मला सगळ्यांत लबाड वाटतो. दोन चोर एका काचेच्या बंगल्यात चित्र चोरायला शिरतात आणि त्यांना आवाज करायचा नसतो. शांततेला इतकं चोख कारण दुसऱ्या कुणी शोधलेलं नाही. २०१९ मध्ये ‘मिस्टर रोबोट’नं अख्खा दरोडा मुक्यानं घातला: सुरुवातीला एक वाक्य, शेवटी एक वाक्य. आणि २०१३ मध्ये ‘स्विच्ड ॲट बर्थ’ या मालिकेचा एक भाग जवळजवळ पूर्णपणे अमेरिकी खुणाभाषेत झाला. ऐकू येणाऱ्यांनी मुकाट खालच्या ओळी वाचाव्यात.

आपल्याकडे ‘सीआयडी’नं २००४ मध्ये १११ मिनिटांचा भाग एका दमात, न थांबता चित्रित केला. विक्रम झाला. पण गप्प बसण्याचा विक्रम त्या मालिकेकडून होणं अवघडच. तिथे दरवाजासुद्धा बोलतो.

घाट चढला की फाळके

मोखाड्याहून निघालेला रस्ता घाट चढून त्र्यंबकेश्वरला पोचतो. ३० एप्रिल १८७० ला तिथे धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. भारतातला मूक चित्रपटांचा बाप बोहाड्याच्या मुलुखाशेजारचा निघावा, हा योगायोग. दोन्हींना जोडणारा पुरावा नाही, म्हणून खटला इथेच थांबवतो. पण फाळक्यांच्या सिनेमांतले रावण, हनुमान आणि लंका बघता संशय येतोच.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंखे यांना साडी नेसवली. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये याच साळुंख्यांनी राम आणि सीता, दोन्ही भूमिका केल्या. सीतेला पळवलं तेव्हा विरहानं व्याकूळ झालेला रामही तोच. मूकपट असल्यानं आवाजाची अडचण नव्हती, दंडांची होती.

‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी फाळक्यांनी मटाराच्या दाण्यातून रोप उगवताना रोज थोडं थोडं चित्रित करून एक छोटी फिल्म केली होती. डोळ्यांना सतत ताण देऊन त्यांची दृष्टी काही काळ गेली, उपचारांनी परत आली. नंतर देशाला बघायला शिकवणारा माणूस आधी स्वतः अंधारात बसून आला होता.

मूकपट तसे मुके नव्हतेच. पडद्याखाली पेटी-तबला वाजे, आणि मधल्या पाट्या ज्यांना वाचता येत नसत त्यांच्यासाठी कुणीतरी मोठ्यानं वाचे. सगळ्यांना हवं ते मिळे: ऐकणाऱ्याला पेटी, बघणाऱ्याला चित्र, साक्षराला पाटी. १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. लोक बोलपटावर तुटून पडले, तिकिटांचा काळाबाजार झाला, आणि कर्णबधिर प्रेक्षकाचा सिनेमा त्याच दिवसापासून बंद व्हायला लागला. हे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीतही नसतं.

अमेरिकेत हीच गत झाली. तिथे चार्ली चॅप्लिनचा एक मित्र होता, ग्रॅनव्हिल रेडमंड. कर्णबधिर आणि उत्तम निसर्गचित्रकार. चॅप्लिननं त्याला आपल्या स्टुडिओत चित्रं काढायला जागा दिली आणि सिनेमांत छोट्या भूमिकाही. ‘सिटी लाइट्स’ (१९३१) मधला शिल्पकार तो. चॅप्लिनच्या हातवाऱ्यांमागे या माणसाची संगत आहे असं मानणारे बरेच आहेत. दुसरा एमरसन रोमेरो, क्युबात जन्मलेला कर्णबधिर मूकपट-नट. बोलपट आले आणि त्याची नोकरी गेली. १९४७ मध्ये त्यानं जुन्या बोलपटांच्या रिळांमध्ये कात्रीनं जागा करून पाट्या चिकटवल्या आणि ते कर्णबधिरांच्या मंडळांना भाड्यानं पाठवले. आज मोबाइलवर खाली पळणाऱ्या ओळींचा हा आजा.

बर्फाचा खंजीर आणि गोव्यातलं गाणं

बोलपटांच्या गदारोळात १९८७ ला ‘पुष्पक’ आला. सिंगीतम श्रीनिवास राव दिग्दर्शक, कमल हासन नायक, संवाद शून्य. त्यात टिनू आनंद भाडोत्री मारेकरी आहे आणि त्याचं हत्यार बर्फाचा खंजीर. खुपसला की वितळला, पुरावा पाण्यात. इतकी सुंदर कल्पना बोलून दाखवली असती तर मातीमोल झाली असती.

१९९६ मध्ये संजय लीला भन्साळी यांनी गोव्यात ‘खामोशी: द म्युझिकल’ रचला. मूकबधिर आईबाप, गाणारी मुलगी. मुरुडकर नाना पाटेकर म्हटलं की आठवतो तो आवाज. भन्साळींनी त्यांना बापाची भूमिका दिली आणि नेमका तोच काढून घेतला. सीमा बिस्वास आई. तिकीटबारीवर सिनेमा आपटला. नानांनी हातांनी केलेली आदळआपट मात्र अनेकांच्या लक्षात राहिली.

आणि २०२३ च्या गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात ‘गांधी टॉक्स’ दाखवला गेला. दिग्दर्शक किशोर पांडुरंग बेळेकर, संगीत ए. आर. रहमान, विजय सेतुपती यांच्यासोबत आपला सिद्धार्थ जाधव. संवाद नाहीत. सिद्धार्थला दोन तास गप्प बसवणं हे दिग्दर्शकाचं धाडस मानायला हवं.

वारली माणसाला तोंड नसतं

कुठलंही वारली चित्र बघा, खरंच नसतं. दोन त्रिकोण टोकाशी जोडलेले, वर गोल डोकं, बाईला अंबाडा. डोळे नाहीत, ओठ नाहीत. तरी कोण नाचतोय, कोण मासे धरतोय, कोण ताडावर चढलाय आणि कोण नवरीकडे बघतोय हे लांबूनही कळतं. सगळं कंबर आणि कोपर यांच्या कोनात.

पालघर जिल्ह्यातल्याच डहाणू तालुक्याचे जिव्या सोमा मशे यांनी ही भिंतीवरची, लग्नघरात बायकांनी काढायची चित्रं कागदावर आणली आणि जगभर नेली. लहानपणी आई गेली, त्या धक्क्यानं त्यांचं बोलणं बंद झालं आणि कित्येक वर्षं ते धुळीत रेघोट्या काढूनच सांगत, अशी त्यांची हकीकत सांगितली जाते. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात सहभाग, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले.

तारपा नृत्याचं त्यांचं गोल वेटोळं सगळ्यांनी पाहिलेलं असतं, निदान एखाद्या कुर्त्यावर तरी. मधे तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा, भोवती एकमेकांच्या कमरेत हात घातलेली साखळी. तारपाची चाल बदलली की पाऊल बदलतं आणि तो बदल कमरेतून कमरेत सरकत शेवटच्या नाचणाऱ्यापर्यंत जातो. इव्हलिन ग्लेनी ही स्कॉटलंडची जगप्रसिद्ध तालवादक जवळजवळ पूर्ण कर्णबधिर आहे. ती अनवाणी वाजवते, कारण कंपनं तळपायातून येतात. तारपाही अनवाणीच नाचतात.

हातांची गावं

खुणांची भाषा जगभर एकच असते, असं समजणाऱ्यांची संख्या प्रचंड आहे. अमेरिकन आणि ब्रिटिश माणसं इंग्रजी एकच बोलतात, पण त्यांच्या खुणाभाषा एकमेकांना कळत नाहीत. अमेरिकीचं नातं फ्रेंचशी. आपली भारतीय खुणाभाषा पाकिस्तानातल्या खुणाभाषेच्या अगदी जवळची. सीमेवर बाकी काही जुळो न जुळो.

भारतीय खुणाभाषेत ‘काय, कोण, कुठे’ हे बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. भुवया, मान, गालही व्याकरणात मोडतात. म्हणून चेहरा कोरा ठेवून खुणा करणं म्हणजे विरामचिन्हांशिवाय पत्र. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोश काढला आणि २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर नेला. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच क्षेत्रात काम करते आहे.

काही गावांनी सरकारी कोशाची वाट पाहिली नाही. कर्नाटकात चिक्कबल्लापूर जिल्ह्यातल्या अलिपूरमध्ये बऱ्याच घरांत ऐकू न येणारी माणसं, म्हणून गावाची स्वतःची खुणाभाषा तयार झाली. बालीत बेंकाला गावात तसंच. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर तर दोन-अडीचशे वर्षं ऐकू येणारे लोकही सर्रास खुणांनी बोलत. होड्यांवरून लांब हाका मारण्यापेक्षा ते सोयीचं पडे.

बहिरा गुप्तहेर, १९३२

थिओच्या आधी जवळजवळ नव्वद वर्षं एक कर्णबधिर डिटेक्टिव्ह होऊन गेला. ड्र्युरी लेन. एलरी क्वीन या टोपणनावानं लिहिणाऱ्या, नात्यातल्या दोघा भावांनी बार्नबी रॉस हे आणखी एक टोपणनाव घेऊन त्याला १९३२ मध्ये ‘द ट्रॅजेडी ऑफ एक्स’मध्ये आणला. शेक्सपिअर गाजवलेला नट, ऐकणं गेलं म्हणून रंगभूमी सोडलेला, ओठ वाचून गुन्हे उकलणारा. विचार करायचा असला की तो डोळे मिटतो, आणि मग जगात कुणीही त्याला हाक मारू शकत नाही. याहून मोठी चैन कुठल्या गुप्तहेराला मिळाली?

खऱ्या आयुष्यात सू थॉमस या कर्णबधिर बाई एफबीआयसाठी ओठ वाचत. त्यांच्यावर २००२ ते २००५ मालिका चालली आणि मुख्य भूमिका डिआन ब्रे या कर्णबधिर अभिनेत्रीनं केली. मराठीत धनंजय, झुंजार, फास्टर फेणे झाले. ओठ वाचणारा अजून व्हायचाय. लेखकांनी मनावर घ्यावं. पहिलं प्रकरण खाडी-गाडीचं चालेल.

हातांनी दिलेला ‘तोंडी’ पुरावा

शेवटी कोर्टात. समजा थिओचा खटला जव्हारच्या न्यायालयात उभा राहिला. साक्षीदाराला बोलता येत नाही, मग साक्ष कशी घ्यायची? १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ११९ होतं: असा साक्षीदार लिहून किंवा खुणा करून साक्ष देऊ शकतो, अट एवढीच की ते उघड न्यायालयात व्हावं. आणि पुढची ओळ फक्कड आहे. अशी साक्ष ‘तोंडी पुरावा’ मानली जाईल. इंग्रज अमदानीतल्या वकिलांनी दीडशे वर्षांपूर्वी हातांना तोंडाचा दर्जा देऊन टाकला होता. २०१३ मध्ये दुभाषा किंवा विशेष शिक्षकाची मदत घेण्याची आणि साक्षीचं चित्रीकरण करण्याची तरतूद जोडली गेली, आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमात हेच कलम १२५ म्हणून आलं.

साक्षीदाराचं झालं, वकिलाचं काय? सप्टेंबर २०२३ मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी सर्वोच्च न्यायालयात दूरदृश्य पद्धतीनं हजर झाल्या. शेजारच्या चौकटीत खुणाभाषेचे दुभाषे न्यायालयातलं सगळं बोलणं त्यांना हातांनी सांगत होते, आणि त्या हातांचा वेग बघून सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी भर कोर्टात दाद दिली.